चापाचं वजन

पंचवीस मीटर पिस्तूलच्या स्पर्धेआधी नेमबाज ज्या टेबलापुढे रांग लावतात, त्या टेबलावर धातूचं एक वजन ठेवलेलं असतं. बरोबर १००० ग्रॅमचं. वर दांडी आणि दांडीच्या टोकाला आडवी धार. पिस्तूल रिकामं आहे याची आधी खात्री करायची. मग घोडा चढवायचा, नळी सरळ छताकडे उभी धरायची, चापाच्या मधोमध ती धार टेकवायची आणि वजन टेबलावरून अलगद उचलायचं. वजन टेबल सोडून अधांतरी राहिलं तर पिस्तूल पास. मध्येच खट्ट झालं तर नापास. तीन प्रयत्नांची मुभा असते. मॅच संपल्यावरही काही जणांना अचानक बोलावून पुन्हा हेच वजन लावतात, आणि तिथे चाप हलका निघाला तर दिवसभराची कमाई गेली.

राज्य पातळीवरच्या स्पर्धांत मी बरीच वर्षं या टेबलामागे बसलो. बालेवाडीत बसलो, वरळीला बसलो, कोल्हापुरात दुधाळीच्या रेंजवरही. मुलांबरोबर आलेले पालक हमखास विचारतात, "सर, किती भरलं?" त्यांना आकडा हवा असतो. पण हे वजन आकडा सांगत नाही. चापाने एक किलो पेललं की नाही, एवढंच ते सांगतं. ९९० आणि ७०० त्याला सारखेच.

काटेवाला स्प्रिंगचा गेज आणि आता आलेला डिजिटल गेज घरी सरावासाठी ठीक आहेत. हुक चापाला लावायचा, मागे ओढायचं, घोडा पडला की आकडा वाचायचा. पण आपण किती वेगाने ओढतो, कोणत्या कोनात ओढतो आणि हुक चापावर वर टेकलाय की खाली, यावर तो आकडा बदलतो. चाप खिळीभोवती फिरणारा असेल तर त्याच्या टोकाशी ओढलं की कमी भरतो, मुळाशी ओढलं की जास्त. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांत स्प्रिंगच्या साधनाला जागाच नाही. लोंबतं वजन, तेही चाकाशिवाय, रोलरशिवाय. पृथ्वी सगळ्यांना सारख्याच जोराने ओढते, हा त्यामागचा विचार. मला तो फार आवडतो.

हा एक किलो आला कुठून, ही गोष्ट मात्र आपल्याकडे कोणी सांगत नाही. ती माणसाच्या बोटापासून सुरू होते. पिस्तूल नेमावर स्थिर धरणं कठीण असतंच, पण त्याहून कठीण असतं ते न हलवता चाप मागे घेणं. चाप पिस्तुलाच्या वजनापेक्षा जड असेल तर बोट चापाला ओढता ओढता पिस्तुलालाही ओढतं आणि गोळी खाली डावीकडे जाते. उजव्या हाताच्या प्रत्येक नवशिक्याच्या लक्ष्यावर हा डाग दिसतो. त्यामुळे चाप हलका करण्याचा खटाटोप बंदुकीइतकाच नाही, पण जवळजवळ तितकाच जुना आहे.

जर्मन भाषक प्रदेशातल्या कारागिरांनी सोळाव्या शतकातच दुहेरी चापाची युक्ती काढली होती. एक चाप आधी ओढून आतली एक छोटी स्प्रिंग ताणून ठेवायची. मग दुसऱ्या चापाला नुसता स्पर्श झाला की ती स्प्रिंग सुटते, घोडा अडवून ठेवणाऱ्या खिट्टीवर ठोका मारते आणि बार होतो. बोटाला करायचं काम स्प्रिंगने आधीच केलेलं असतं. लक्ष्यभेदाच्या जत्रांमध्ये आणि शिकारीत ही युक्ती खपली. तिथून ती द्वंद्वयुद्धाच्या पिस्तुलांत शिरली.

११ जुलै १८०४ या दिवशी न्यू जर्सीतल्या वीहॉकन इथे अमेरिकेचा माजी अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन आणि त्या वेळचा उपाध्यक्ष ॲरन बर समोरासमोर उभे राहिले. पिस्तुलं लंडनच्या वॉग्डन आणि बार्टन यांच्या कारखान्यातली होती आणि त्यांत असा ताणायचा चाप होता. हॅमिल्टनच्या साक्षीदाराने, नॅथॅनिएल पेंडल्टनने, त्याला विचारलं होतं की तो चाप लावू का, आणि या खेपेला नको असं त्याने सांगितलं, अशी पेंडल्टनची नोंद आहे. हॅमिल्टनची गोळी बरच्या डोक्यावरून झाडाच्या फांदीला लागली आणि बरची गोळी हॅमिल्टनच्या पोटात. १९७६ मध्ये अमेरिकेच्या द्विशताब्दीनिमित्त या जोडीच्या प्रतिकृती करायला घेतल्या, तेव्हा आतली यंत्रणा लोकांच्या नजरेस आली. चाप ताणलेला असल्यामुळे हॅमिल्टनची गोळी वेळेआधीच सुटली असावी, असा तर्क मग मांडला गेला. इतिहासकारांचं त्यावर एकमत नाही. मला स्वतःला पेंडल्टनची नोंद जास्त विश्वासाची वाटते. पण दोनशे वर्षांनंतरही एका चापाच्या वजनावर राष्ट्राचा इतिहास तपासला जातो, हे मी नव्या पंचांना आवर्जून सांगतो.

त्या ताणायच्या चापाचा वारसा ५० मीटर फ्री पिस्तूल या प्रकाराने पुढे चालवला. तिथे चापाला किमान वजनच नव्हतं. एकेक गोळी हाताने भरायची, आणि काही ग्रॅमच्या स्पर्शाने बार. जितू रायने २०१४ च्या ग्रॅनाडा जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवलं ते याच प्रकारात. २०१६ च्या रिओनंतर ऑलिम्पिकमधून हा प्रकार गेला. मला त्याची हळहळ वाटते, कारण कारागिरी आणि माणूस यांची इतकी जवळची जोडी दुसऱ्या कुठल्या पिस्तूल प्रकारात नव्हती.

पण सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाला हा मार्ग बंद होता. त्याचं कारण समजून घेतलं की एक किलोचा नियम नुसता कागदी वाटत नाही.

एकेरी गोळीच्या पिस्तुलात बार झाला की सगळं थांबतं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये बार झाल्यावर वरची स्लाइड किंवा आतला बोल्ट झपाट्याने मागे जातो, रिकामं काडतूस फेकतो, घोडा पुन्हा चढवतो आणि नवं काडतूस घेऊन तितक्याच जोरात पुढे आदळतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. त्या हादऱ्यात चढलेल्या घोड्याला धरून ठेवते ती एक छोटी खिट्टी. आपल्या रेंजवर सगळे तिला सिअर म्हणतात. दाराच्या कडीसारखी ती घोड्याच्या खाचेत अडकलेली असते. चाप जड असतो तो मुख्यतः दोन गोष्टींमुळे, सिअर खाचेत किती खोल बसलीय आणि स्प्रिंग तिला किती जोराने दाबतेय. हे दोन्ही कमी केलं की चाप हलका होतो. पण मग तोच हादरा सिअरला खाचेतून उडवू शकतो. घोडा स्लाइडच्या मागोमाग पडतो. कधी बार न होता नुसता पडतो, कधी बोट न लावता दुसरा बार होतो.

अमेरिकन लष्कराने २९ मार्च १९११ रोजी जॉन ब्राउनिंगचं .४५ कॅलिबरचं पिस्तूल स्वीकारलं, तेव्हा या दुसऱ्या बाराची धास्ती त्याच्या रचनेत दिसत होती. त्या आधीच्या चाचणीत पिस्तुलाने ६००० गोळ्या एकही अडथळा न येता झाडल्या होत्या. चाप मुद्दाम भक्कम, साधारण ५ ते ६ पौंडांचा, म्हणजे सव्वादोन ते पावणेतीन किलोच्या घरात. खंदकातल्या सैनिकाच्या चिखलाच्या, थंडीने बधिर झालेल्या बोटासाठी तो योग्यच होता. १९८५ पर्यंत हे लष्कराचं नेहमीचं पिस्तूल राहिलं.

तोच सैनिक सुट्टीच्या दिवशी कागदी लक्ष्यावर नेम धरायला लागला की मात्र हा चाप त्याला नकोसा व्हायचा. ओहायो राज्यात ईरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी आहे. १९०७ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा तिथे भरत आल्या. चाप हलका करण्याची कला खरी घडली ती तिथल्या तंबूंत. लष्करी शस्त्रागारातले कारागीर बारीक दगडावर सिअरचा माथा आणि घोड्याची खाच घासून आरशासारखी करायचे, म्हणजे खोली तितकीच ठेवून घर्षण कमी. स्प्रिंगची पाती थोडी वाकवायची. पुढे त्यांच्या लक्षात आलं की स्लाइड पुढे आदळताना पोलादी चाप स्वतःच्या वजनामुळे मागे उसळतो आणि सिअरला धक्का देतो. मग चापच ॲल्युमिनियमचा केला, तोही भोकं पाडून. चापाचा जोर हलका करण्यासाठी चापाचा तुकडाच हलका करायचा, ही सूक्ष्म नजर मला थक्क करते. १९५६ मध्ये अमेरिकन लष्कराने फोर्ट बेनिंगला नेमबाजीची खास तुकडी उभी केली आणि या कारागिरांना कायमचं घर मिळालं.

हलकं करायला लागलं की हात थांबत नाही. म्हणून तिथे मर्यादा आली. लष्करी पिस्तुलाच्या सामन्यात ४ पौंड, इतर .४५ साठी साडेतीन, त्याहून लहान सेंटर-फायरला अडीच, .२२ ला दोन. पंचाच्या हातात तेव्हाही लोंबतं वजनच असे. आंतरराष्ट्रीय नियमांत अशीच मर्यादा ग्रॅममध्ये आली. सेंटर-फायर पिस्तुलाला पूर्वी किमान १३६० ग्रॅमची अट होती. इतका विचित्र आकडा का, असं नवे पंच विचारायचे. तीन पौंडांचे ग्रॅम करा, उत्तर मिळतं. आता तीही अट १००० वर आली आहे. जसपाल राणाने १९९४ च्या हिरोशिमा आशियाईत सुवर्ण मिळवलं ते याच सेंटर-फायरमध्ये.

युरोपात मात्र एका प्रकाराने बराच काळ ही वेसण मानली नाही. तो रॅपिड फायर. पंचवीस मीटरवर पाच लक्ष्यं शेजारी शेजारी, आणि पाचांवर एकेक गोळी, आधी ८ सेकंदांत, मग ६ आणि शेवटी ४. चार सेकंदांत पाच वेळा नेम आणि पाच वेळा चाप. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये जर्मनीचा कॉर्नेलियस फान ओयेन जिंकला, त्या काळात वॉल्थरचं ऑलिंपिया हे .२२ शॉर्ट काडतुसाचं पिस्तूल गाजत होतं. काडतूस छोटं, धक्का नगण्य, स्लाइडचा आघात सौम्य, म्हणून चापही हलका ठेवता यायचा. पुढची काही दशकं याच वाटेने यंत्रं घडत गेली. नळी मुठीच्या अगदी जवळ खाली आणली, लाकडी मूठ मनगटाला वेढून टाकेल इतकी वाढवली आणि चाप उत्तरोत्तर हलका केला.

या प्रकारातला माझा सर्वात आवडता माणूस हंगेरीचा कारोली ताकाच. १९३८ मध्ये सदोष हातबाँबने त्याचा उजवा हात निकामी केला. त्याने डाव्या हाताने नव्याने सुरुवात केली आणि १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ५८० गुणांच्या जागतिक विक्रमासह सुवर्ण मिळवलं. चार वर्षांनी हेलसिंकीत पुन्हा. ज्या बोटाला चापाची ओळख नव्हती त्याला ती दहा वर्षांत करून दिली. यंत्राचं श्रेय इथे किती आणि बोटाचं किती, हे वेगळं सांगायला नको.

२००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकनंतर नियम बदलला. शॉर्ट काडतूस बंद, वेढणारी मूठ बंद आणि चापाला किमान १००० ग्रॅम, म्हणजे बाकी .२२ पिस्तुलांसारखंच. जुन्या खेळाडूंची कारकीर्द संपणार अशी भीती होती. जर्मनीच्या राल्फ शूमानने १९९२, १९९६ आणि २००४ ची तिन्ही सुवर्णं जुन्या पिस्तुलांवर जिंकली होती. २००८ ला बीजिंगमध्ये तो एक किलोच्या चापाने उतरला आणि रौप्य घेऊन आला. चार वर्षांनी लंडनला आपल्या विजयकुमारने रौप्य मिळवलं ते याच नव्या नियमाखाली. उलट्या टोकाचाही अनुभव जगात आहे. न्यूयॉर्क पोलिसांनी अपघात टाळावेत म्हणून आपल्या पिस्तुलांचा चाप १२ पौंडांवर, जवळपास साडेपाच किलोवर नेला. ऑगस्ट २०१२ मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगजवळच्या गोळीबारात नऊ वाटसरू पोलिसांच्या गोळ्यांनी किंवा त्यांच्या तुकड्यांनी जखमी झाले, तेव्हा इतक्या जड चापाने नेम राहतो का, हा प्रश्न जाहीरपणे विचारला गेला. खूप हलका धोक्याचा तसा खूप जडही धोक्याचा.

आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतचं पिस्तूल या सगळ्या इतिहासाच्या शेवटच्या टोकाला उभं आहे. महिलांच्या २५ मीटर पिस्तुलात आधी ३० गोळ्या सावकाश, मग ३० गोळ्या जलद. जलद टप्प्यात हात खाली ४५ अंशांवर, लक्ष्य उघडतं ३ सेकंदांसाठी, तेवढ्यात हात उचलून एक गोळी, मग ७ सेकंद थांबायचं. एक किलोचा चाप या तीन सेकंदांत झटक्याने ओढला की संपलं. म्हणून चांगले खेळाडू चाप दोन टप्प्यांत लावून घेतात. हजारातले सातशे-आठशे ग्रॅम पहिल्या टप्प्यात. हात वर येता येताच बोट तेवढं घेऊन ठेवतं. लक्ष्यावर पोचल्यावर उरतात दोन-तीनशे ग्रॅम. लोंबतं वजन दोन्ही मिळून मोजतं, त्यामुळे हे पूर्ण कायदेशीर आहे. पंचाच्या टेबलावर पिस्तूल उभं करून वजन उचलताना चाप थोडा सरकतो आणि थांबतो, तो हा पहिला टप्पा. मग वजन तिथेच तोलून राहतं. चांगलं लावलेलं पिस्तूल हातात आलं की त्या थांबण्यातला ठामपणा बोटाला कळतो.

२०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेम्बांगला अंतिम फेरी संपली तेव्हा राही आणि थायलंडची नफसवान यांगपायबून दोघी ३४ वर होत्या. शूट-ऑफ झाला, पुन्हा बरोबरी. दुसऱ्या शूट-ऑफमध्ये राही जिंकली. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. दोघींच्या चापाला किमान वजन सारखंच होतं. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत आणि स्वप्निल कुसळे यांच्या रायफल प्रकारांत चापाला अशी मर्यादाच नाही, त्यामुळे कोल्हापूरच्या मुलांना हा फरक लहानपणीच समजावून द्यावा लागतो. दादाच्या रायफलचा चाप फुंकरीने सुटतो, मग माझ्या पिस्तुलाचा का नाही, असं एका मुलीने मला विचारलं होतं. तिला मी स्लाइडचा आघात दाखवला आणि तिचं समाधान झालं.

एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. एका स्पर्धेत एका मुलाचं .२२ पिस्तूल माझ्या टेबलावर एक किलो पेलून पास झालं. रेंजवर सरावाच्या पहिल्याच मालिकेत एकदा बोट ओढलं आणि दोन बार झाले. नळी समोर होती, कोणाला काही झालं नाही. उघडून पाहिलं तर सिअरचा माथा कानशीने घासला होता आणि चाप फारच हलका झाला म्हणून वर जाड स्प्रिंग घातली होती. स्प्रिंगने वजन भरून काढलं, पण सिअरची पकड गेलीच होती. वडिलांनी एका मेकॅनिककडून पैसे मोजून हे करून आणलं होतं, आणि ते मला म्हणाले, "पण तुम्हीच पास केलंत ना, सर?" त्यांचं बरोबर होतं. लोंबतं वजन फक्त वजन सांगतं. आतली खाच किती खोल उरलीय हे ते सांगू शकत नाही, आणि कॅम्प पेरीचे कारागीर खोलीला हात न लावता फक्त घर्षण का घालवायचे, ते अशा वेळी कळतं.

म्हणून ज्यांच्या घरात पिस्तूल नेमबाजी करणारं मूल आहे त्यांना माझं सांगणं आहे. चाप हलका करायचा असेल तर कारखान्याने दिलेल्या स्क्रूपलीकडे जाऊ नका. सिअरला आणि घोड्याच्या खाचेला कानस लावू देऊ नका, कितीही ओळखीचा माणूस असला तरी. वजन हजारावर नेमकं न लावता वीस-तीस ग्रॅम वर ठेवा, कारण मॅच संपल्यावर होणाऱ्या तपासणीत घाण, थंडी आणि झीज हे सगळं मोजलं जातं. आणि जिल्हा संघटनांना विनंती, की प्रत्येक रेंजवर प्रमाणित केलेलं १००० ग्रॅमचं आणि एअर पिस्तुलासाठी ५०० ग्रॅमचं एकेक लोंबतं वजन वर्षभर मुलांसाठी उघडं ठेवा. त्याला फार खर्च येत नाही, आणि मुलाला त्याच्या चापाचं खरं वजन स्पर्धेच्या सकाळी पहिल्यांदा कळू नये.